ब्रास सेक्शनवाला फंक्शन बँड : आधी काय, मग काय, आणि घोळ कुठे होतो

लग्न-समारंभात वाजवणारा, तीन फुंकवाद्यांचा गट (ब्रास सेक्शन) असलेला बँड काढायचं ठरलं की पहिल्या आठवड्यात नाव ठरतं, दुसऱ्यात लोगो येतो, तिसऱ्यात कोणीतरी ओळखीतून एक तारीख घेऊन येतो, आणि कार्यक्रमाला पंधरा दिवस उरले असताना ट्रम्पेटवाला विचारतो, "माझा कागद (म्हणजे माझ्या वाद्याचे सूर लिहिलेलं पान) कुठाय?" साध्या पाच जणांच्या बँडमध्ये हे खपून जातं, गिटार-कीबोर्डवाले कानाने जमवून घेतात. तीन जण एकत्र फुंकणार असले की नाही खपत. तिघांनी आपापल्या अंदाजाने वाजवलं तर त्याला सेक्शन म्हणत नाहीत. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पायरी दोन आणि तीन कंटाळवाण्या आहेत आणि लोक नेमक्या त्याच गाळतात.

पायरी १ : माणसं

ढोबळ आकडा नऊ धरा: ड्रम्स, बास, गिटार, कीबोर्ड, दोन गाणारे आणि तीन फुंकणारे. फुंकणारे तीन अशासाठी की तीन सुरांत कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ) पूर्ण होते, ट्रम्पेट वर, सॅक्सोफोन मध्ये, ट्रॉम्बोन खाली. (सॅक्सोफोन पितळेचा असला तरी रीडवर (तोंडाशी लावलेल्या पातळ पट्टीवर) वाजतो, म्हणजे खरं तर वुडविंड, म्हणजे लाकडी फुंकवाद्यांच्या, घराण्यातला, पण सेक्शनमध्ये उभा राहिला की कोणी कुळ विचारत नाही.) दोघंच मिळाले तर ट्रम्पेट आणि टेनर सॅक्स घ्या, एका सप्तकाच्या अंतरावर तीच ओळ वाजवली तरी भरीव वाटतं. एकटाच ट्रम्पेट असेल तर तो सोलोवाला झाला, मग "ब्रास सेक्शन" असं सांगून सुपारी घेऊ नका.

माणूस निवडताना लोक त्याला म्हणतात, काहीतरी वाजवून दाखव. तो घरून बसवून आणलेला सोलो वाजवतो, सगळे खूश. त्याने काहीच कळत नाही. त्यापेक्षा हे तीन करून बघा: एक सूर आठ मात्रा न हलवता धरायला सांगा, चार बारचा (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड) साधा कागद पुढे ठेवा आणि एकदाच वाजवायला सांगा, आणि दुसऱ्या फुंकणाऱ्याबरोबर एकच ओळ वाजवायला लावा, मग बघा तो दुसऱ्याचं ऐकून आवाज कमी करतो का. तिसरी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. सेक्शनमध्ये "मी मोठा" म्हणत वाजवणारा नको असतो, ऐकणारा हवा असतो.

कानाने वाजवणारा उत्तम माणूस मिळाला तर घ्यावा का? घ्या, पण तिघांत एकच, आणि त्याचा भागसुद्धा कागदावर लिहिलेला असलाच पाहिजे, नाहीतर तो आजारी पडला की बदली येणाऱ्याच्या हातात काय देणार.

आत्ताच दोन जबाबदाऱ्या वाटून टाका. संगीताचा शेवटचा शब्द कोणाचा, आणि पार्टीशी (कार्यक्रम देणाऱ्याशी) बोलणार कोण. एकाच माणसाला दोन्ही दिलं तर तो तालमीत फोनवर असतो.

सावधान: दोन "लीड" ट्रम्पेट घेऊ नका. वरचा सूर दोघांनाही हवा असतो आणि खालचा कोणालाच नको असतो.

पायरी २ : आधी पट्टी, मग गाणी

माझ्या पहिल्या बँडमध्ये आम्ही बारा गाण्यांचे ब्रासचे कागद मूळ रेकॉर्डिंगच्या पट्टीत लिहून, तालीम करून तयार ठेवले होते. गायिका कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी पहिल्यांदा आली आणि म्हणाली, मला हे सगळं दोन सूर खाली लागेल. बरोबरच होतं तिचं. गिटारवाल्याने बोटं सरकवली, कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं बटण दाबलं आणि आम्ही तिघं जुन्या पट्टीतल्या कागदांकडे बघत बसलो. फुंकायच्या वाद्याला ट्रान्सपोजचं बटण नसतं.

तेव्हा गाणाऱ्यांना आधी बोलवा, प्रत्येक गाणं तीन पट्ट्यांत म्हणून घ्या, आणि तेही उभं राहून, पूर्ण आवाजात, शेवटच्या कडव्यापर्यंत. खुर्चीत बसून गुणगुणत ठरवलेली पट्टी स्टेजवर बदलते. दोन पट्ट्या सारख्याच सोयीच्या वाटल्या तर ब्रासला सोपी असेल ती निवडा.

कोणती सोपी? ट्रम्पेट आणि टेनर सॅक्स बी फ्लॅटमधली वाद्यं आहेत, म्हणजे कागदावरचा सी वाजवला की हार्मोनियमवरची काळी पाच, म्हणजे बी फ्लॅट, येते. आल्टो सॅक्स ई फ्लॅटमधला, त्याचा सी म्हणजे काळी दोन, ई फ्लॅट. ट्रॉम्बोन मात्र जे लिहिलंय तेच वाजवतो. त्यामुळे काळी पाच, काळी दोन, पांढरी चार या पट्ट्या ब्रासच्या घरच्या. गिटारवाल्यांची लाडकी पांढरी तीन, म्हणजे ई, घेतलीत तर ट्रम्पेटला सहा शार्प (अर्धा सूर चढे; फ्लॅट म्हणजे अर्धा सूर उतरे) येतात आणि आल्टोला सात. तेच गाणं अर्ध्या सुराने उतरवून काळी दोनवर आणा, ट्रम्पेटला फक्त एक फ्लॅट राहतो आणि आल्टोला काहीच नाही. गाणाऱ्यालाही अर्धा सूर खाली बरंच वाटतं. गिटारवाला कुरकुरेल, त्याला सांगा तारा अर्धा सूर उतरव आणि बोटं नेहमीचीच ठेव. चार तारांच्या बासला खालचा ई फ्लॅट मिळत नाही, त्यानेही एक तर उतरवायचं नाहीतर वरच्या सप्तकात जायचं. मात्र सगळा कार्यक्रम तारा उतरवूनच वाजवायचा की दोन गिटार आणायच्या हे आज ठरवा, गाण्यागाण्याला स्टेजवर तारा पिळत बसू नका.

गाणी किती? पन्नास मिनिटांचे दोन सेट म्हणजे चार मिनिटांच्या हिशेबाने चोवीस, वर चार राखीव. पण सुरुवात बारानेच करा. अर्धवट बसलेली तीस गाणी कोणाच्या उपयोगाची नाहीत.

तपासा: प्रत्येक गाण्यापुढे कोण गाणार, पट्टी, लय (मेट्रोनोमचा, म्हणजे ठेका मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा) आणि शेवट कसा, हे चार रकाने भरलेत का? एखादा रिकामा असेल तर ते गाणं पुढच्या पायरीला न्यायचं नाही.

पायरी ३ : कागद लिहिणं

म्यूझस्कोर हे सूर लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं. नवशिके हमखास एक चूक करतात: स्कोर लिहिताना सोयीसाठी कॉन्सर्ट पिचचं बटण (सगळ्या वाद्यांचे सूर ऐकू येतात तसेच दाखवणारं) चालू ठेवतात आणि ते बंद न करताच सगळ्यांचे भाग छापतात. मग तालमीत तिघं वाजवायला लागले की असं काही बाहेर येतं की ड्रमरसुद्धा थांबतो.

तपासा: प्रत्येक गाण्याच्या कागदाची पहिली परीक्षा एका सुराची. सगळ्यांनी काळी पाच वाजवायची. ट्रम्पेट आणि टेनरच्या कागदावर सी दिसला पाहिजे, आल्टोच्या जी, ट्रॉम्बोनच्या बी फ्लॅट. असं नसेल तर कागद चुकलेत, माणसं नाही.

आता लिहायचं काय. सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे ब्रासला सारखं वाजवायला देणं. गाणारा गात असताना त्याच्याच सुरांच्या पट्ट्यात तीन पितळी वाद्यं वाजली की शब्द कळत नाहीत आणि मग साउंडवाल्याला शिव्या बसतात. गाणाऱ्याने ओळ संपवून श्वास घेतला की ती जागा ब्रासची. कडव्यात उत्तरासारखे छोटे तुकडे, ध्रुवपदाच्या मागे लांब हलके सूर, मधल्या म्युझिकमध्ये पूर्ण जोर, आणि पहिल्या कडव्यात शक्यतो गप्प. पहिलं कडवं रिकामं ठेवलं की दुसऱ्यात ब्रास आलेला लोकांना जाणवतो.

ट्रम्पेटला पाच रेघांच्या डोक्यावर बसलेल्या जीच्या वर वारंवार पाठवू नका. तालमीत एकदा लागतो म्हणून लिहिलेला वरचा सूर दुसऱ्या सेटच्या शेवटी लागत नाही. ट्रॉम्बोनला वेगवान ताना देऊ नका, त्याला नळी हाताने सरकवायची असते. साध्या ट्रॉम्बोनवर खालचा बी फ्लॅट पहिल्या जागेवर आणि त्याच्या शेजारचा बी थेट सातव्या, म्हणजे पूर्ण हात लांब. हे माहीत नसलेला माणूस हे दोन सूर आलटूनपालटून लिहितो आणि वर विचारतो, स्वच्छ का येत नाही.

सूर कुठे सुरू होतो हे सगळेच लिहितात, कुठे सोडायचा ते कोणी लिहीत नाही. लांब सुराच्या शेवटी "चौथ्या मात्रेवर सोडा" असं लिहाच, कारण सेक्शन कच्चं आहे हे ऐकणाऱ्याला सूर सुटताना कळतं. कुठला सूर आखूड, कुठला लांब, कुठे ठोसून, हेही खुणांनी दाखवा. प्रत्येक भागाला अक्षर द्या (अ, ब, क चालेल), बारना आकडे द्या, आणि पानाची उलटापालट विश्रांतीच्या जागी येईल अशी मांडणी करा. दोन हातांनी वाद्य धरलेला माणूस पान कशाने उलटणार?

पायरी ४ : तालमी, पण वेगवेगळ्या

तिन्ही तालमी हव्यात आणि याच क्रमाने: आधी ड्रम्स-बास-गिटार-कीबोर्ड आणि गाणारे, मग फक्त ब्रास, मग सगळे. पहिल्याच दिवशी नऊ जणांना बोलावलं की ड्रमर आणि बासवाला ठेका ठरवेपर्यंत तिघं फुंकणारे चहाला जाऊन येतात, आणि आले की चार वेळा जोरात वाजवून ओठ दमवून घरी जातात.

ब्रासची तालीम दीड तासापेक्षा जास्त नको, मध्ये विश्रांती हवीच. पहिली दहा-पंधरा मिनिटं हलके लांब सूर. सूर जुळवणं त्यानंतर, आधी नाही. थंड वाद्य उतरलेलं असतं, श्वासाने तापलं की चढतं, म्हणून आल्या आल्या ट्यूनर लावून जुळवलेलं दहा मिनिटांत फुकट जातं. गिटारच्या तारांचं याच्या उलट, दिव्यांच्या उष्णतेने त्या सैल पडून उतरतात. म्हणजे तापलेल्या स्टेजवर ब्रास वर चाललाय आणि गिटार खाली, आणि मध्ये कीबोर्ड ढिम्म ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर. जो हलत नाही त्याच्याशीच जुळवा, म्हणजे कीबोर्डशी, आणि मध्यंतरानंतर पुन्हा एकदा. चढत असेल तर ट्रम्पेटची ट्यूनिंग नळी जराशी बाहेर, सॅक्सचं माउथपीस बुचावर थोडं बाहेर.

मग एकेक तुकडा असा घ्या. आधी तोंडाने म्हणा, तिघांनी, टाळी धरून. हसू येतं, येऊ द्या. जे तोंडाने एकत्र येत नाही ते वाद्यातून येणार नाही. नंतर मेट्रोनोमवर हळू, मग मूळ लयीत, मग हलक्या आवाजात मूळ लयीत. शेवटचं अवघड जातं, पण सूर खरे आहेत की नाही हे हलक्या आवाजातच कळतं. शैली ट्रम्पेटवाला ठरवेल, किती आखूड, किती ठोसून, बाकी दोघांनी त्याची नक्कल करायची, यावर वाद नाही.

सावधान: सगळ्यांची तालीम छोट्या खोलीत असेल तर ड्रमरला आवाज आवरायला लावा. ड्रम मोठा झाला की ब्रास आणखी जोरात फुंकतो, मग गिटारवाला अॅम्प चढवतो, आणि अर्ध्या तासात कोणाला कोणाचंच ऐकू येत नाही. कानांचाही विचार करा. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबल आवाजात ८ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ट्रम्पेटच्या तोंडासमोर बसणाऱ्याने कानात प्लग घालायला लाजू नये.

तपासा: फोन चार-पाच मीटरवर ठेवून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर सगळं छानच वाटतं. तीन गोष्टी टिपायच्या: सूर एकत्र सुटले का, गाण्याचे शब्द कळले का, शेवट सगळ्यांना माहीत होता का.

पायरी ५ : साउंडवाल्याला काय द्यायचं

एक पान पुरतं. त्यावर कोण कुठे उभा राहणार याचं चित्र आणि माइकची यादी. तिघांना तीन माइक, शक्य असेल तर वाद्याला चिमट्याने लावायचे, कारण स्टँडवरच्या माइकपासून माणूस हलला की आवाज गेला. स्टँडवरच असतील तर शूअर एसएम ५७ सारखा साधा डायनॅमिक माइक चालतो, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या तोंडापासून साधारण १५ ते ३० सेंटिमीटर. सॅक्सचा माइक मात्र तोंडात कोंबू नका, त्याचा आवाज चाव्यांच्या भोकांतूनही येतो, म्हणून तोंडाच्या जरा वर, चाव्यांच्या दिशेने धरा.

ब्रास एका ओळीत, खांद्याला खांदा, ट्रॉम्बोन कडेला आणि त्याच्या नळीपुढे मीटरभर मोकळं. ट्रम्पेटचं तोंड गाणाऱ्याच्या माइककडे रोखलेलं नको, नाहीतर साउंडवाल्याने ट्रम्पेट बंद केला तरी तो गाणाऱ्याच्या माइकमधून येतच राहतो. मॉनिटरमध्ये (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) तिघांना स्वतःपेक्षा कीबोर्ड आणि गाणारा जास्त हवा, सूर त्यावर धरायचा असतो.

साउंडचेकला प्रत्येकाने सगळ्यात जोरातला तुकडा वाजवायचा, एकेकट्याने आणि मग तिघांनी मिळून. फुंकणारे लोक चेकला लाजत अर्ध्या आवाजात वाजवतात आणि कार्यक्रमात दुप्पट, मग मिक्सर किंचाळला की दोष मशीनला.

पायरी ६ : डेमो आणि बोलणी

आता, आणि आत्ताच, सुपारी घ्यायची. डेमो म्हणजे तीन गाण्यांचा तुकडा, एका दमात वाजवलेला, एका कॅमेऱ्यावर. स्टुडिओत एकाच माणसाकडून तीन थर वाजवून घेतलेला ब्रास दाखवलात तर कार्यक्रमात तेच मागतील.

बोलणं झालं की लिहून घ्या, साध्या मेसेजवर का होईना: तारीख, पोचायची वेळ, किती सेट आणि किती मिनिटांचे, साउंड आणि वीज कोणाची, स्टेज केवढं (नऊ जणांना निदान सहा बाय चार मीटर सांगा, कमी म्हटलंत तर ट्रॉम्बोन जिन्यावर उभा राहतो), इसार किती, उरलेली बिदागी कधी, वेळ वाढली तर जास्तीचे कसे, रद्द झालं तर काय, आणि गाण्यांच्या जाहीर सादरीकरणाचं लायसन्स कोणी काढायचं. उरलेले पैसे शेवटच्या सेटच्या आधी. नंतर पैसे देणारा माणूस गर्दीत सापडत नाही, आणि याला वाईट हेतू लागत नाही, तो खरंच कामात असतो. "आमच्यातलं कोणी आजारी असेल तर त्याच वाद्याचा बदली येईल" हे वाक्यही त्यात हवं.

बिदागीची वाटणी पहिल्या कार्यक्रमाच्या आधी ठरवा. आमची सोपी पद्धत: नऊ जणांचे नऊ वाटे, एक वाटा बँडच्या पेटीत, अर्धा कागद लिहिणाऱ्याला, अर्धा बोलणी करणाऱ्याला, एकूण अकरा. प्रवासखर्च आधी वजा. कागद लिहिणाऱ्याला काहीच न देणारे बँड बघितलेत मी, त्यांना वर्षभर तीच बारा गाणी वाजवावी लागतात.

पायरी ७ : कार्यक्रमाचा दिवस

वेळ उलटी मोजा. ८ ला सुरू, ७ ला माणसं येणार, म्हणजे साउंडचेक साडेसहाला संपला पाहिजे, त्याला एक तास, मांडामांडीला दीड तास, म्हणजे ४ ला सगळे हजर. "पाचपर्यंत येतो" म्हणणाऱ्याला सामान उचलायचं नसतं, एवढंच.

पिशवीत: व्हॉल्व्ह ऑइल, ट्रॉम्बोनच्या नळीचं क्रीम आणि पाण्याचा फवारा, चार तरी चांगल्या रीड (एक ओली करून तयार), म्यूट (आवाज दाबायचं बूच), फोल्डिंग स्टँड, त्याला लावायचा बॅटरीचा दिवा, कपड्यांचे चिमटे, चिकटपट्टी, पुसायला फडकं. चिमटे विसरतात सगळे, आणि उघड्यावर पहिली वाऱ्याची झुळूक आली की ट्रम्पेटचा कागद प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत.

गाण्यांचा क्रम लावताना ओठांचा हिशेब ठेवा. ब्रासची दोन जड गाणी झाली की एक हलकं किंवा त्यांना पूर्ण विश्रांतीचं. सगळी धडाकेबाज गाणी शेवटी गोळा करायचा मोह होतो, पण तोपर्यंत ओठ संपलेले असतात. आणि आदल्या दिवशी मोठी तालीम ठेवू नका.

हाताच्या खुणा ठरवा आणि तालमीत वापरा: डोक्यावर हात म्हणजे पुन्हा सुरुवातीपासून, मूठ म्हणजे या फेरीनंतर शेवट, बोट फिरवलं की हाच भाग पुन्हा. लोक नाचत असतील तर गाणं लांबणारच, आणि खुणा नसतील तर ब्रासवाले कागदाप्रमाणे संपवून मोकळे होतात, बाकीचे वाजवत राहतात.

पायरी ८ : चालू ठेवणं

सहा महिन्यांत एक तरी माणूस जाईल किंवा त्याच तारखेला दुसरीकडे अडकलेला असेल. प्रत्येक वाद्याला बदली माणूस आधीच हेरून ठेवा आणि त्याला एकदा तालमीला बोलावून, त्याचे पैसे देऊन, कागद वाजवून घ्या. बदली माणूस बघून वाजवतो म्हणून त्याला फोल्डर हवं: गाणी क्रमाने, प्रत्येक पानावर वाद्याचं नाव, पट्टी आणि तारीख. कागदात बदल केलात की जुनं पान फाडून टाका, ठेवून देऊ नका. आमच्याकडे एकदा एका गाण्याचे दोन वेगवेगळे शेवट एकाच रात्री वाजले, दोघंही कागदाप्रमाणे बरोबर होते.

पेटीतले पैसे आधी माइकचे चिमटे आणि स्टँडला, नंतर कपड्यांना. दर दोन महिन्यांनी तीन नवी गाणी आत आणि कोणालाच आवडत नाहीत अशी तीन बाहेर. बाहेर काढलेल्या गाण्यांचे कागद मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, कारण पुढच्या पार्टीची फर्माईश नेमकी त्यातलीच असते.